नापासाची भीती आणि घरचा उंबरठा

(ज्युबिली महोत्सवानिमित्त भरलेल्या युवक-मेळाव्यातील भाषण)



ज्युबिलीचा प्रसंग म्हणजे गेल्या वर्षांचा हिशेब मांडण्याचा प्रसंग होय. आपले ख्रिस्तमंदिर कसे उभे राहिले, त्यासाठी कोणी किती कष्ट उपसले, याचे वर्णन या पुस्तिकेत अन्यत्र आलेच आहे. आम्हांस ज्या विषयावर बोलण्याची आज्ञा झाली आहे, तो मात्र उद्याच्या पिढीचा आहे. आपल्या सातारा-सांगली भागातील जी मुलेमुली आज महाविद्यालयांतून शिकत आहेत, त्यांच्या मनातील नापास होण्याची भीती कशी ओसरावी व अभ्यासातील उमेद कशी टिकावी, हा तो विषय.

ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्या घरातून पहिल्यानेच कोणी पदवीच्या वर्गात पाऊल टाकते, त्या घराने पुष्कळदा फीसाठी कर्ज काढलेले असते, आईने अंगावरचे सोने गहाण टाकलेले असते. अशा मुलास एका विषयात गुण कमी पडले, तर तो केवळ आपला पराभव वाटत नाही. सबंध घराचा पैसा आपण बुडविला असे वाटते. म्हणून ही भीती बहुधा प्रश्नपत्रिकेची नसते. निकालानंतर घरचा उंबरठा कोणत्या तोंडाने ओलांडावा, याची असते.

आमच्या पाहण्यातील एक उदाहरण सांगतो. मात्र नाव, गाव व महाविद्यालय सांगत नाही. एक मुलगा पहिल्या वर्षी गणितात नापास झाला. घरी त्याने ते सांगितले नाही. रोज सकाळी डबा घेऊन तो बाहेर पडे, आणि वर्गात न जाता कृष्णेच्या घाटावर बसून राही. असे कित्येक आठवडे चालले. डबा तसाच भरलेला परत येऊ लागला, तेव्हा आईस संशय आला. त्या रात्री वडिलांपुढे मुलगा उभा राहिला, तेव्हा त्याचे पाय कापत होते. वडील थोडा वेळ गप्प बसले व म्हणाले, "आधी जेवून घे बाळ. मग दोघं मिळून बघू." पुढे तो मुलगा त्या विषयात उत्तीर्ण झाला, परंतु तो म्हणतो, "मी वाचलो तो त्या रात्री, निकालाच्या दिवशी नव्हे."

बंधुभगिनींनो, सगळ्यांच्या घरी असे घडत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात १३,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी स्वतःचे जीवन संपविले, व राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता. प्रत्येकाचे कारण परीक्षा हेच होते असे नव्हे. तथापि यांतील कित्येकांना "आधी जेवून घे" म्हणणारे कोणी त्या घडीस जवळ नसावे, या विचाराने मन व्याकूळ होते.

आता आपल्याच मातीतील इतिहास पाहू. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये कुस्ती खेळले. गादीवरच्या कुस्तीची त्यांस सवय नव्हती. ते सहावे आले व रिकाम्या हातांनी परतले. पुढे चार वर्षे त्यांनी मेहनत केली. पण १९५२ साली हेलसिंकीस जाण्यास पैसा नव्हता. तेव्हा कोल्हापूरच्या ज्या राजाराम महाविद्यालयात ते शिकले होते, तेथील प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून त्यांस सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आपण पदक लक्षात ठेवतो. सहाव्या क्रमांकाच्या खेळाडूवर ज्याने घर लावले, तो गुरुजनही आपण लक्षात ठेवावा.

दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचे. त्यांचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पुरे झाले नव्हते. उदरनिर्वाहासाठी त्यांनी किर्लोस्करांचे नांगरही विकले. त्याच गृहस्थांनी १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली व १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथील मुलांच्या पोटास अन्न मिळावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्रही मोडले. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले, आणि तेथे 'कमवा व शिका' या मार्गाने गरिबांची मुले स्वतःच्या श्रमावर पदवीधर झाली. आपली अपुरी राहिलेली शाळा भाऊरावांनी लाज म्हणून लपविली नाही; इतरांची शाळा पुरी करण्याचे ते कारण केले.

तिसरे उदाहरण आपल्या धर्मसभेतील आहे. फ्रान्समधील संत जॉन मेरी व्हियानी लॅटिन भाषेत इतके कच्चे होते की, त्यांस सेमिनरीतून परत पाठविण्यात आले व पुढे परीक्षेतही ते अडखळले. एक्युली गावचे धर्मगुरू बॅली यांनी मात्र त्यांस आपल्या घरी ठेवून शिकविले व त्यांच्यासाठी वरिष्ठांकडे रदबदली केली. १८१५ साली त्यांस गुरुदीक्षा मिळाली. १९२५ साली ते संत म्हणून घोषित झाले, आणि १९२९ पासून सर्व पॅरिश-धर्मगुरूंचे ते आश्रयदाते संत आहेत.

या तिन्ही हकिकतींतून एकच गोष्ट निघते. पडलेला मनुष्य केवळ स्वतःच्या जिद्दीवर उठला, असे क्वचित घडते. बहुधा त्याच्या शेजारी कोणी तरी उभे असते.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्याकडेही काही कर्तव्य आहे. पहिले हे की, निकाल लपवू नका. लपविलेले अपयश व्याजासह वाढते. एका विषयात राहिलात म्हणजे शिक्षण संपले असे नव्हे; एटीकेटीची सोय कोणत्या वर्गास कशी आहे, उत्तरपत्रिकेची छायाप्रत व फेरमूल्यांकन यांची मुदत कधी संपते, हे महाविद्यालयाच्या कचेरीत जाऊन त्याच आठवड्यात विचारा. रडण्यात गेलेल्या दिवसांत ही मुदत टळून जाते.

दुसरे, घरी चुकण्यास भिऊ नका. रोडिगर व कार्पिक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुनःपुन्हा वाचला. काहींनी तो वाचून, मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा वाचणारे पुढे होते; आठवड्याने पाहिले तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पुस्तक मिटून लिहिताना चुका होतात, म्हणून आपण ते टाळतो. परंतु घरी झालेली चूक गुण कापत नाही, शिकवून जाते.

तिसरे, उमेद यावी मग बसू, असे म्हणून वाट पाहू नका. सबंध पुस्तकाकडे पाहिले की छाती दडपते. म्हणून आजचे एक प्रकरण, आत्ताची पाऊण घटका, एवढेच समोर ठेवा. बसल्यावर उमेद पुष्कळदा मागून येते. आणि मन फारच काळोखले, जगणेच नकोसे वाटू लागले, तर त्याच क्षणी कोणास तरी सांगा. १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' ही सरकारी सेवा चोवीस तास, विनामूल्य व मराठीतूनही बोलते. तेथे बोलण्यात कमीपणा नाही. ताप आल्यावर आपण दवाखान्यात जातोच ना?

आईबापांस आमची एकच विनंती आहे. निकालाच्या दिवशी पहिला प्रश्न गुणांचा विचारू नका, आणि शेजारच्या मुलाचे नाव तर मुळीच काढू नका. मुलाला जाब विचारण्यास उद्याचा दिवस आहे. आज त्याला ताट वाढा.

आणि आपल्या धर्मग्रामाने काय करावे? उत्तीर्णांचा सत्कार आपण दरवर्षी करतो; तो करावाच. परंतु जे राहिले त्यांच्या घरी त्याच आठवड्यात कोणी जावे, दोघा-चौघा शिक्षकांनी सायंकाळी सभागृहात त्यांस मोफत शिकवावे, आणि पूर्वी स्वतः नापास होऊन पुढे सावरलेल्यांनी आपली हकिकत उघडपणे सांगावी. एवढे घडले तर ही ज्युबिली सार्थकी लागली असे आम्ही समजू.

निकाल काहीही लागो, घरचे दार आतून उघडे आहे, हे ज्या मुलास ठाऊक असते, ते धीराने परीक्षेस बसते. ते दार उघडे ठेवण्याची बुद्धी आम्हां सर्वांस परमेश्वर देवो, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.