डिअरबॉर्न ॲव्हेन्यूवरील दार

(राष्ट्रीय युवक दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



११ सप्टेंबर १८९३ हा दिवस हिंदू समाजाच्या कायम स्मरणात राहिला आहे. शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांनी अमेरिकेतील श्रोत्यांना भगिनी आणि बंधू म्हणून साद घातली आणि सभागृह टाळ्यांनी दुमदुमले. त्या टाळ्यांचे स्मरण दरवर्षी होते. त्याआधीच्या सहा आठवड्यांचे मात्र क्वचितच होते.

३१ मे १८९३ रोजी स्वामीजींनी मुंबईचा किनारा सोडला. चीन-जपानमार्गे २५ जुलैला ते कॅनडातील व्हँकूवर बंदरात उतरले आणि तेथून आगगाडीने शिकागोला पोहोचले. तेथे कळले की, परिषद सप्टेंबरात भरणार आहे, परिचयपत्रावाचून कोणाला प्रतिनिधी होता येत नाही आणि नावनोंदणीची मुदतही संपली आहे. जवळचा पैसा झपाट्याने आटत होता. अंगावर त्या थंडीला पुरतील असे कपडे नव्हते.

तुलनेने स्वस्त म्हणून ते बोस्टनकडे वळले. आगगाडीत ओळख झालेल्या केट सॅनबॉर्न या लेखिकेने त्यांना मॅसॅच्युसेट्समधील आपल्या शेतावरील घरी राहावयास बोलावले. रोजचा एक पौंड खर्च वाचला. या आतिथ्याला कुतूहलाचीही छटा होती. भारतातून आलेली ही नवलाची वस्तू बाई आपल्या स्नेह्यांना दाखवितात, असे स्वामीजींनी २० ऑगस्टच्या पत्रात मिस्कीलपणे कळविले आहे. रस्त्यावर त्यांच्या वेषाची टवाळी होई, तीही त्यांनी लपविली नाही. तथापि, याच घराच्या ओळखीतून हार्वर्ड विद्यापीठात ग्रीक शिकविणारे प्राध्यापक जॉन हेन्री राइट यांची भेट घडली. या संन्याशाकडे परिचयपत्र मागणे म्हणजे सूर्याला प्रकाशण्याचा अधिकार विचारण्यासारखे आहे, असे ते म्हणाल्याचे चरित्रकार नोंदवितात. ते केवळ बोलून थांबले नाहीत. परिषदेच्या चालकांना त्यांनी शिफारसपत्र लिहिले आणि शिकागोचे तिकीटही काढून दिले.

शिकागोत उतरल्यावर समितीचा पत्ता हरवल्याचे ध्यानात आले. ती रात्र स्वामीजींनी रेल्वेच्या आवारातील एका रिकाम्या मालडब्यात काढली. सकाळी, संन्याशाच्या रीतीप्रमाणे, ते दारोदार अन्न मागत आणि वाट विचारत निघाले. मळलेले कपडे पाहून नोकरांनी हाकलले. तोंडावर दारे लावली गेली. अखेर थकून ते डिअरबॉर्न ॲव्हेन्यूवर रस्त्याच्या कडेला बसले. तेव्हा समोरच्या घराचे दार उघडले. श्रीमती हेल बाहेर आल्या आणि आपण धर्मपरिषदेचे प्रतिनिधी आहात काय, असे त्यांनी आदराने विचारले. त्यांनी स्वामीजींना घरात नेले, विश्रांती आणि न्याहारी झाल्यावर स्वतः सोबत जाऊन परिषदेच्या कचेरीत पोहोचविले.

हे कुटुंब ख्रिस्ती होते. पुढे काही मिशनऱ्यांनी स्वामीजींविरुद्ध अपप्रचार चालविला, तेव्हाही या घराचा विश्वास ढळला नाही. श्रीमती हेल यांना स्वामीजी मातेसमान मानीत आणि त्यांच्या कन्यांना बहिणी म्हणत.

शिकागोच्या त्या संबोधनामागे वेदान्ताचे एकत्व होते, यात शंका नाही. पण ते उच्चारणारा संन्यासी नुकताच एका अपरिचित भगिनीच्या घरचे अन्न खाऊन आला होता, हेही सत्य आहे. म्हणून त्या विजयाचा अभिमान बाळगताना कृतज्ञतेचा विसर पडता कामा नये.

ही कृतज्ञता शब्दांनी फिटत नाही. अतिथीला देव मानणाऱ्या समाजात परप्रांतातून शिकावयास आलेला मुलगा खोली शोधीत फिरतो आणि त्याचा चेहरा, आडनाव किंवा भाषा पाहून दार लावले जाते, असेही घडते. ईशान्य भारतातील विद्यार्थ्यांना उर्वरित भारतातील कुटुंबांत राहावयास आणण्याचा उपक्रम १९६० च्या दशकात विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांनी सुरू केला. ज्या घरांनी ही मुले ठेवून घेतली, त्यांनी राष्ट्रीय एकात्मता आपल्या पंगतीत वाढली.

डिअरबॉर्न ॲव्हेन्यूवर त्या सकाळी घरे पुष्कळ होती. दार लावून घेणाऱ्यांचीही काही कारणे असतीलच. अनोळखी माणसाचे भय कोणाला नसते? समोर बसलेला मनुष्य विवेकानंद आहे, हे श्रीमती हेल यांनाही ठाऊक नव्हते. त्यांना दिसला होता केवळ एक थकलेला प्रवासी, आणि दार उघडण्यास त्यांना तेवढे कारण पुरेसे वाटले.