तिघींना राखायचं, बाकीच्यांचं काय?

आज बोलायचंय हॉकीबद्दल. भारतातली मैदानावरची नव्हे, इथली कॅनडातली बर्फावरची, आणि तीही बायकांची. टोरांटोच्या आसपास राहणाऱ्या आम्ही काही जणी ‘टोरांटो सेप्टर्स’ या संघाच्या पक्क्या चाहत्या. सामना संपतो, पण कुणाला ठेवायला हवं होतं, कुणाला सोडलं ते बरं झालं, हा आमचा वाद काही संपत नाही.

बायकांची ही व्यावसायिक लीग 1 जानेवारी 2024 ला टोरांटोतच सुरू झाली. तेव्हा संघ सहा होते. 2025 मध्ये व्हँकुव्हर आणि सिअ‍ॅटल हे दोन नवे आले. त्यांना खेळाडू आणायच्या कुठून? तर जुन्या संघांतूनच! प्रत्येक जुन्या संघानं सुरुवातीला फक्त तिघींची नावं राखायची, बाकीच्या नव्या संघांसाठी खुल्या. दोघी गेल्यावर आणखी एकीला राखता येत होतं, पण प्रत्येक संघातून चौघी जाणारच होत्या.

आमच्या संघानं रेनाटा फास्ट, ब्लेअर टर्नबुल आणि डॅरिल वॉट्स यांना राखलं. सारा नर्स राहिली बाहेर, आणि ती गेली व्हँकुव्हरला.

झालं, आमच्यात दोन तट पडले! 2023 मध्ये संघाला धड नावही नव्हतं, तेव्हा टोरांटोनं सर्वांत आधी करार केला तो फास्ट, टर्नबुल आणि नर्स या तिघींशी. नर्स जवळच्याच हॅमिल्टनची. पहिल्या हंगामात 24 सामन्यांत तिचे 23 गुण होते. (आपला गोल किंवा दुसरीच्या गोलला केलेली मदत, दोन्हीचा एकेक गुण.) वॉट्स मात्र 2024 मध्ये ओटावाहून आलेली. मग काल आलेली घरात आणि पाया घालणारी दाराबाहेर, हे कसं, असं एका तटाचं म्हणणं. दुसरा तट हिशेबी. दुसऱ्या हंगामात नर्स दुखापतीमुळे बरेच सामने बसून होती, आणि संघात सर्वाधिक गुण वॉट्सचे होते. फास्ट तर त्या वर्षी लीगची सर्वोत्तम बचावपटू ठरली. शिवाय दोन्ही वर्षी आपण उपांत्य फेरीत मिनेसोटाकडूनच हरलो, तेव्हा माया बाजूला ठेवा, असं या बायका म्हणतात. खरं सांगायचं तर त्यांचं गणित चुकीचं नाही. पण नॅटली स्पूनर, पहिल्या हंगामात 20 गोल करणारी, तीही पहिल्या तिघींत नव्हती. ती आमच्याकडेच राहिली हे नशीब.

अदलाबदलीत कोण जिंकलं हे लगेच कळतही नाही. लीगमधली पहिली अदलाबदल फेब्रुवारी 2024 मधली. बॉस्टननं सोफी जॅक्स मिनेसोटाला दिली, बदल्यात सुझॅना टापानी आणि ॲबी कुक घेतल्या. त्याच वर्षी अंतिम फेरीत हेच दोन संघ समोरासमोर आले आणि मिनेसोटा जिंकलं! बॉस्टनच्या चाहत्यांना काय वाटलं असेल? पण टापानी नसती तर बॉस्टन अंतिम फेरीत पोचलं असतं का, असंही आमच्यातली एक विचारते. आणि 2025 मध्ये जॅक्स मिनेसोटाकडेही राहिली नाही, तीही व्हँकुव्हरलाच गेली.

या सगळ्यात पगाराचं कुणी फारसं बोलत नाही. पहिल्या हंगामात इथला किमान पगार वर्षाला 35 हजार अमेरिकी डॉलर होता. संघातल्या निदान सहा जणींना 80 हजार किंवा त्याहून जास्त द्यायचे, असं करारात आहे. पुरुषांच्या मोठ्या लीगमध्ये 2025-26 चा किमान पगारच 7 लाख 75 हजार. तिथल्या खेळाडूला दुसऱ्या शहरात पाठवलं तर तो घर घेऊ शकतो. किमान पगारावरच्या मुलीनं टोरांटोहून व्हँकुव्हरला, घड्याळ काही तास मागे असलेल्या शहरात, बिऱ्हाड हलवायचं ते कशाच्या जोरावर? ‘हिला द्या, तिला घ्या’ म्हणताना आमच्या दोन्ही तटांना हे आठवत नाही.

आता व्हँकुव्हरचा संघ इथे खेळायला येईल तेव्हा नर्ससाठी टाळ्या वाजवायच्या की नाही, यावरही मतभेद आहेतच. आमच्यातल्या एकीनं तिची 20 नंबरची टोरांटोची जर्सी धुऊन, घडी घालून तयार ठेवली आहे.