कुठं काय बोलावं
(शताब्दी सप्ताहात दिंडीतल्या तरुण मंडळींपुढे केलेलं भाषण)



विणेकरी बाबांनी आज आम्हाला बोलायला उभं केलं. आम्ही कीर्तनकार नाही, वक्ते तर नाहीच. पण इतक्या वाऱ्यांत माणसं बोलताना पुष्कळ ऐकली आणि एकदा आमच्याच तोंडानं घोळही घातला. तेच सांगतो.

आपल्या वाटेवरचं बोलणं एका जातीचं नाही. कीर्तन उभ्यानं होतं, ते नारदाच्या गादीवरचं. एक अभंग घ्यायचा, त्याचं चरण न् चरण उलगडायचं आणि मागच्या टाळकऱ्यांसह ऐकणाऱ्याला नामात ओढून न्यायचं. प्रवचन बसून. पुढ्यात ज्ञानेश्वरी, घाई कसली नाही; माणूस ओवीचा अर्थ घेऊन उठला की काम झालं. काल्याच्या कीर्तनात कृष्णाच्या बाललीला येतात. तिथं लोकांनी हसावं. वैराग्याचा काढा त्या दिवशी कुणी पाजू नये, असं आपलं आमचं मत. नाथांच्या भारुडात तर सोंगच घ्यावं लागतं.

गाडगेबाबांची तऱ्हा आणखी निराळी. ते समोरच्यालाच प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढून घ्यायचे. कर्ज काढून सण नको, पोरांना शाळेत घाला, हे लोक स्वतःच कबूल करायचे. साने गुरुजी पंढरीचं देऊळ हरिजनांना खुलं व्हावं म्हणून गावोगाव बोलत फिरले आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसले. ते बोलणं मन वळवायचं. समोरचा आपल्या मताचा नाही, हे धरूनच तिथं तोंड उघडावं लागतं.

स्वागताचं भाषण मात्र आटोपशीर असावं. पायाला फोड आलेला माणूस उन्हात उभा असतो, बरं का!

आता आमचा घोळ. माउलींच्या सोहळ्यात तळावरची समाज आरती तुम्ही पाहिली आहे. चोपदार चोप उंचावतात आणि हजारो टाळ एकदम गप्प होतात. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात. मग तिचं ऐकून घेतात, हरवलं-सापडलं सांगतात, उद्याचा कार्यक्रम सांगतात, आणि मग आरती. तिथं एक शब्द जास्तीचा नसतो.

हे सगळं वर्षानुवर्षं पाहिलेले आम्ही! एका मुक्कामी आपल्या दिंडीतल्या एक मावशी चुकल्या. पुकारा करायला माइक आमच्या हाती आला. आम्ही आधी वारीचा महिमा सांगितला, गावकऱ्यांचे आभार मानले, आणि शेवटी म्हणालो, "आमच्या एक वृद्ध माउली हरवल्या आहेत, अंगावर हिरवं लुगडं आहे." त्या तळावर हिरवी लुगडी किती असतील, हिशेब करा. नाव नाही, गाव नाही, दिंडीचा नंबर नाही, रथापुढची की रथामागची तेही नाही.

मावशी दोन राहुट्या पलीकडे बसून हा पुकारा ऐकत होत्या. कुणीतरी बिचारी चुकली म्हणून त्यांनी पांडुरंगाला हात जोडले आणि रात्रभर तिथंच जागत बसल्या. गुडघे धरलेले, औषधाची पिशवी आपल्या ट्रकमध्ये. सकाळी दिंडीतल्या एका शाळकरी पोरीनं माइक घेतला. मावशींचं नाव, गाव, दिंडीचा नंबर आणि "पाण्याच्या टँकरजवळ या" एवढंच बोलली. मावशी चहा व्हायच्या आत हजर. आम्हाला म्हणाल्या, "बाबा, रात्री तू लई छान बोललास. पण कुणाबद्दल रे?"

त्या दिवसापासून आम्ही माइक हातात घ्यायच्या आधी विचारतो, की कुणाला, काय कळायला हवंय. तुम्हा पोरांकडं आता ध्वनिक्षेपक यायचा आहे, म्हणून एवढं लांबवलं.

एक सूचना आहे. तुळशी वृंदावनापाशी चष्मा सापडलाय. काळी फ्रेम, उजव्या काडीला पांढरा दोरा. ज्यांचा असेल त्यांनी विणेकरी बाबांकडून न्यावा. काकडा पहाटे चारला.

रामकृष्णहरी!