कारखाने आले, कल्पना कधी?

सिल्वासात कारखाने आले ते मुख्यतः करसवलतींमुळे. धाग्याचे, प्लास्टिकचे. त्यांच्यामागोमाग आपल्यापैकी अनेकांची बिऱ्हाडेही आली. पण यंत्र बाहेरून येते, मालाचा नमुनाही बहुधा बाहेरच ठरतो. आपण ते उत्तम चालवतो, एवढेच.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली आणि पुढे लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन नासते, ही शेतकऱ्याची शंका. ती दूर व्हायला वेळ लागला. बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानाने त्यांना माळरान दिले. तिथे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. गिऱ्हाईक शेजारी होते आणि राजाचा विश्वास पाठीशी. नवे घडते ते अशा ठिकाणी.

सवलतीची मुदत संपते. मग कारखाना हलला, तर आपल्या मुलांनी काय करायचे? आपल्यात पंचवीस-तीस वर्षे मेंटेनन्स केलेली माणसे आहेत, आयटीआयला जाणारी मुले आहेत. त्यांची गाठ पडत नाही. मंडळाने आठवड्यातली एक संध्याकाळ आणि एक खोली त्यांना द्यावी, एवढी विनंती.

गणपती बाप्पा मोरया!