न उडालेले काडतूस



द्राक्षाचे पान हाती दिले की तासगावचा बागाईतदार रोग ओळखतो. रायफलीच्या काडतुसाचेही तसेच आहे. रिकामी पुंगळी नीट पाहिली, तर बिघाड कोठे झाला हे तीच सांगते. अमेरिकेत पुष्कळ नेमबाज अशा पुंगळ्या घरी पुन्हा भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडतुसे बनविणे गुन्हा आहे, आणि ती भरण्याचा धडा आम्ही देणारही नाही. आम्हांला बोलायचे आहे ते दोष शोधण्याच्या रीतीविषयी.

काडतुसाचे अवयव चार : पितळी पुंगळी, तिच्या बुडाची टोपी, दारू आणि गोळी. चाप ओढला आणि बार झाला नाही, तर नळी निर्धोक दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबावे. कारण बार उशिराही होतो. मग टोपीवरचा ठसा पाहावा. ठसा उथळ असेल तर सुई हलकी आदळली असेल किंवा टोपी नीट बसली नसेल. खोल असेल तर टोपी तेलाने वा ओलीने निकामी झाली असेल. बार फुसका झाला तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी सोडली की नळी फुटते. टोपी चपटी दिसली तर दाब वाढल्याचा संशय घ्यावा. बुडाजवळ चकाकते कडे दिसले तर पुंगळी तेथून तुटायला आली आहे.

इंग्रजी अमदानीत आपल्या देशात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांना पावसाळ्यात भेगा पडत. दारू चोख, भरणीही चोख! घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया ताण राहिलेल्या पितळाला चिरतो, हा उलगडा १९२१ साली झाला. मंद आच देऊन तो ताण काढला की भेगा टळतात. म्हणजे दोष भरणाऱ्याच्या हातात नव्हता. तो पितळात होता आणि कोठारात होता.

आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना यातच सारे दिसते. बिघाड झाला की वरून पहिला प्रश्न येतो, "कोणी केले?" विचारायला हवे, "कोठे झाले?" घरी भरणारा एकटा असतो. तोच भरतो, तोच तोलतो, तोच तपासतो. लक्ष चळून दारू दुप्पट पडली तरी टोकणारे कोणी नसते. कारखान्यात दुसरा डोळा असतो. पण "येथे मला शंका आहे" असे म्हणणाऱ्याची मजुरी कापली, तर तो डोळा मिटतो.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. १ ऑक्टोबर २०२१ पासून तो सरकारी कंपनीकडे आहे. मालकाच्या पाटीवर काहीही लिहिलेले असो, शंका घेणाऱ्या कामगाराला अभय हवे. आपल्या गावांतली पोरे फौजेत आहेत. भीतीने दडवलेला दोष त्यांना चाप ओढल्यावरच कळतो.