‘ओ’ नसलेला ‘ओ’



शेलापागोटे व्हायचे आहेत, नाटक व्हायचं आहे, आणि पडद्यामागे कुणाला तरी मिशी चिकटवणं चाललेलं मला इथून दिसतंय. तेव्हा थोडक्यात आटोपतो.

मघाशी बक्षिसं देताना पालकांकडून सारखं ऐकू येत होतं : ‘हा अगदी आजोबांवर गेलाय’, ‘आवाज मात्र आत्याचा’. जणू एकेक गुण एकेका माणसाकडून सुटा उचलून आणता येतो! माझी नोकरी रक्तपेढीत झाली. तिथे मला दिसलं ते वेगळंच, आणि त्याचं सगळ्यात झणझणीत उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे.

1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची नोंद केली. या गटाची माणसं नेहमीच्या तपासणीत ‘ओ’ गटाची वाटत, पण ‘ओ’ रक्तसुद्धा त्यांना चालत नसे. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत हा गट आजही ‘बॉम्बे’ नावानेच आहे. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं राहिलं.

यात घडतं काय? रक्तातल्या तांबड्या पेशीवर आधी ‘एच’ नावाचा एक पदार्थ तयार व्हावा लागतो. ती भिंतीवरची खुंटी समजा. ‘ए’ आणि ‘बी’ या तिच्यावर अडकवायच्या दोन वेगळ्या टोप्या. ‘ओ’ गटाच्या माणसाकडे नुसती खुंटी असते, टोपी नसते. बॉम्बे गटाच्या माणसाकडे खुंटीच नसते! टोपी बनवणारं जनुक त्याच्याकडे धडधाकट असेलही, पण ती अडकवणार कशाला? टोपीचं जनुक नवव्या गुणसूत्रावर आणि खुंटीचं एकोणिसाव्यावर. दोघांचे पत्ते वेगळे, पण एकाने काम सोडलं की दुसऱ्याचं असणं दिसेनासं होतं. शास्त्रज्ञ याला ‘एपिस्टॅसिस’ म्हणतात.

आता गंमत बघा. आईच्या कार्डावर ‘ओ’, वडिलांचा गट ‘ए’, आणि मूल ‘एबी’. आपल्या सिनेमात एवढ्यावर घर फुटतं! पण आई बॉम्बे गटाची असेल, तर तिच्याजवळचं झाकलेलं ‘बी’ मुलाला मिळतं, खुंटी वडिलांकडून मिळते, आणि आईत कधीच न दिसलेला ‘बी’ लेकरात उघडा पडतो. मूल तिचंच. निव्वळ रक्तगटावरून बाईच्या चारित्र्याचा निवाडा करणाऱ्यांना हे कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं, म्हणून मी माइकवरून सांगतोय.

एका जनुकाने दुसऱ्याला झाकणं वनस्पतींतही चालतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केंब्रिजमध्ये बेटसन आणि पनेट यांनी स्वीट पीच्या दोन पांढऱ्या फुलांच्या जातींचा संकर केला. सगळी फुलं जांभळी आली! रंग तयार व्हायला दोन जनुकं लागत होती, आणि प्रत्येक जातीत वेगळं एक नादुरुस्त होतं. पुढच्या पिढीत जांभळी आणि पांढरी यांचं प्रमाण पडलं 9 ला 7. बारावीच्या मुलांनो, हे परीक्षेत येतं.

हे झालं दोन जनुकांचं. उंचीचं काय? 2022 साली सुमारे 54 लाख माणसांची माहिती एकत्र करून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. उंचीशी निगडित अशा जवळपास 12,000 जागा जनुकसंचात सापडल्या. एकेकीचा वाटा अगदी किरकोळ. त्यातल्या बहुतेकांची नुसती बेरीज होते, असंच आकडे दाखवतात. बॉम्बे गटासारखं एकाने दुसऱ्याला झाकून टाकणं तिथे ठळक दिसत नाही. शिवाय लहानपणीचं जेवण आणि आजारपणं आहेतच. म्हणून ‘तुमचं मूल खेळाडू होईल की इंजिनीअर, थुंकीवरून सांगतो’ असं कुणी म्हणालं, तर पैसे देऊ नका. त्या पैशांत बूट येतात, पुस्तकं येतात.

पुन्हा रक्ताकडे येतो. बॉम्बे गट भारतात साधारण 10,000 माणसांत एकाचा असतो. युरोपात दहा लाखांत एखाद्याचा. आईवडील दोघांकडूनही खुंटीचं बिघडलेलं जनुक आलं तरच हा गट होतो, त्यामुळे जवळच्या नात्यात लग्नं होतात तिथे तो जास्त आढळतो. बॉम्बे गटाच्या माणसाला चुकून ‘ओ’ रक्त चढलं तर जिवावर बेततं. आणि घाईत केलेल्या नुसत्या पेशींच्या तपासणीत तो ‘ओ’च दिसतो. त्याच्या सीरममध्ये ‘ओ’ गटाच्या पेशी मिसळल्या की त्यांच्या गुठळ्या होतात, तेव्हा खरं कळतं. याला आम्ही रिव्हर्स ग्रुपिंग म्हणतो.

रक्तदान केलं की ही तपासणी रक्तपेढीत होते, तुम्हाला एक पैसाही पडत नाही. तेव्हा ज्यांना अठरा पूर्ण झाली आहेत आणि ज्यांचं वजन 45 किलोच्या वर आहे, त्यांनी पुढच्या शिबिरात नाव द्या. ज्यांच्या कार्डावर ‘ओ’ आहे त्यांनी आधी द्या. आणि कुणी बॉम्बे गटाचं निघालंच, तर दुर्मीळ रक्तदात्यांच्या यादीत नोंद करून फोन नंबर चालू ठेवा. तुमच्यासारख्या दुसऱ्याला फक्त तुमच्या गटाचंच रक्त चालणार आहे.

मिशी चिकटली वाटतं.