‘आमूलाग्र’ म्हणजे कोठून?

(आळे येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



‘आमूलाग्र परिवर्तन’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषणांत, ठरावांत आणि पत्रकांत इतक्या वेळा येतो, की त्याचा अर्थ विचारणे आपण सोडून दिले आहे. आमूलाग्र म्हणजे मुळापासून अग्रापर्यंत. शब्दाने क्रमही सांगितला आहे : आधी मूळ, मग शेंडा.

या आळे गावात रेड्याची समाधी आहे. ज्ञानदेवांनी पैठणला ज्याच्या मुखातून वेद वदविले, तो रेडा येथे विसावला, अशी श्रद्धा आहे. कथा चमत्काराची असली तरी तिचा रोख अधिकारभेदावर आहे. पशूच्या मुखी वेद येतो, तर माणसाला मज्जाव कशासाठी? समाजाने मात्र समाधी पूजिली आणि प्रश्न बाजूस सारला. ज्ञानदेव १२९६ साली समाधिस्थ झाले. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावे लागले. मधली साडेसहाशे वर्षे शेंड्याला फुले येत राहिली, मूळ तेच राहिले. गुरुजींनी हे ओळखले होते. म्हणूनच उपोषणापूर्वी ते महाराष्ट्रभर हिंडले आणि गावोगावच्या मनांना त्यांनी हात घातला.

आता आपल्या घरात पाहू. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने या तालुक्यातील शिवार पालटले, जमिनीला मोल आले. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा देण्यास महाराष्ट्राने १९९४ साली सुरुवात केली. २००५ साली तो कायदा देशभर झाला. तरीही बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते आणि भाऊबीजेच्या साडीत हिशेब मिटतो. ‘नाही म्हटले तर माहेर तुटेल’ या भयाने ती सही करते. कायदा बदलला, भय बदलले नाही. मूळ आहे ते तेथे.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच, की हा शब्द आपण टाकू नये. तो उच्चारण्याचा अधिकार मिळवावा. येथे बसलेल्या आपल्यापैकी कितीजणांच्या सातबाऱ्यावर बहिणीचे नाव आहे? पुढच्या ठरावात ‘आमूलाग्र’ लिहिण्यापूर्वी प्रत्येकाने आपला उतारा काढून पाहावा.